जमिनीखालचं सुट्टीचं घर: रीलमध्ये गवत दिसतं, पाणी कुठं जातं ते दिसत नाही

इन्स्टाग्रामवर 'अंडरग्राउंड हाऊस' किंवा 'हॉबिट हाऊस' असं एकदा शोधून बघा. पुढचे चार दिवस फीडमध्ये तेच येत राहील. डोंगरउतारावर हिरवंगार गवत, गवतात एक मोठी गोल काच आणि काचेआड पिवळा दिवा. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारलेलं असतं, 'आपल्या सह्याद्रीत असं का नाही करत?'

यातली बरीच चित्रं एआयनं बनवलेली असतात. पण अशी खरी घरंही जगात आहेत, आणि त्यातली काही इंजिनिअरिंग म्हणून खरंच भारी आहेत. शिवाय हा प्रश्न आता फक्त कमेंटमधला राहिलेला नाही. सातारा जिल्ह्यातल्या २३५ गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाचा प्रारूप आराखडा २०२४ मध्ये आला. आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा डोंगरातल्या प्लॉटची पीडीएफ अधूनमधून फिरते, आणि तिच्यात 'इको', 'अर्थ होम', 'निसर्गात विरघळणारं घर' असे शब्द असतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, घरं बांधत नाही. पण एखादी सिस्टीम समोर आली की तिची स्क्रीन बाजूला ठेवून आत काय चाललंय ते बघायची सवय लागलेली आहे. तेच इथे करूया. माती पांघरलेलं घर नेमकं चालतं कसं, कुठं चालतं, आणि आपल्याकडे आणायचं तर काय बदलतं?

खरी उदाहरणं दोन

पहिलं वेल्समधलं. पेंब्रोकशायरच्या किनाऱ्यावर ड्रुइडस्टन नावाची जागा आहे. समोर समुद्र, मागे उघडा माळ, आणि झाडाचाही आडोसा नाही. हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, त्यामुळे तिथं दिमाखात उभं राहणारं घर चालणार नव्हतं. 'फ्यूचर सिस्टिम्स' या आर्किटेक्ट संस्थेनं (यान काप्लिकी आणि अमांडा लेवीट) खासदार बॉब मार्शल-अँड्र्यूज यांच्यासाठी तिथं 'मॅलेटर' नावाचं घर केलं. ते १९९८ मध्ये पूर्ण झालं. जमिनीच्या बाजूनं पाहिलं तर गवताचा उंचवटा आणि वर आलेलं एक धुराडं, एवढंच दिसतं. समुद्राच्या बाजूला डोळ्याच्या आकाराची काचेची भिंत आहे. छत प्लायवूडचं, त्याच्या कडेनं पोलादी रिंग, त्यामुळे आत खांब नाहीत. स्वयंपाकघर आणि बाथरूम बाहेर तयार करून रंगीत डब्यांसारखी आत ठेवलेली. गावकरी त्याला 'टेलिटबी हाऊस' म्हणतात.

दुसरं स्वित्झर्लंडमधलं 'व्हिला व्हाल्स'. २००९ चं. आल्प्समधल्या व्हाल्स गावात, पीटर झुमथोर यांच्या प्रसिद्ध स्नानगृहाजवळच्या उतारावर. तिथून दिसणारा देखावा बिघडू नये म्हणून घर उताराच्या पोटात घातलं. उतारात लंबगोल खळगा कापलाय आणि घराचा दर्शनी भाग त्या खळग्यात आहे. आत जायची वाट मात्र शेजारच्या जुन्या लाकडी कोठारातून, सुमारे २२ मीटरच्या बोगद्यानं. हे घर भाड्यानं मिळतं, त्यामुळे रीलमध्ये तुम्ही ते पाहिलं असण्याची शक्यता बरीच आहे.

दोन्ही जागा उघड्या आणि वाऱ्याच्या. तिथं मातीचा पहिला फायदा वाऱ्याशी आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. उभ्या भिंतीवर आणि पत्र्याच्या कडेवर हा दाब थेट बसतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानं रायगडात कौलं आणि पत्रे कसे उडवले, ते आपण पाहिलंय. उतारात मिसळलेल्या छताला धरून उचलायला वाऱ्याला कडाच सापडत नाही.

माती म्हणजे बफर, स्वेटर नव्हे

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 'वर माती आहे म्हणजे घर आपोआप उबदार किंवा गार' असं लोक धरून चालतात. खरं तर उष्णता अडवण्यात माती अगदी सुमार आहे. तीस सेंटिमीटर ओलसर माती जेवढी उष्णता अडवते, तेवढी एक सेंटिमीटर थर्मोकोलही अडवतो.

मग माती करते काय? ती बफरिंग करते. यूट्यूबवर नेट कमी-जास्त झालं तरी व्हिडिओ सलग चालतो, कारण मध्ये साठा केलेला असतो. जमिनीचं तसंच आहे. दिवसा तापणं आणि रात्री निवणं हा चढउतार साधारण तीस सेंटिमीटर खोलीवर दहा टक्क्यांपर्यंत विरून जातो. उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार विरायला मात्र जास्त खोली लागते. तीन मीटरवर तो तीस टक्क्यांच्या आसपास उरतो, आणि वरच्या ऋतूपेक्षा दोन-अडीच महिने उशिरानं पोचतो. आणखी खाली गेलात की जमिनीचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर होतं.

आता ही सरासरी जागेप्रमाणे बदलते. पेंब्रोकशायरमध्ये ती १० ते ११ अंश आहे. महाबळेश्वरात २० च्या आसपास. रत्नागिरी किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर २७. म्हणजे वेल्समध्ये जमीन गार आहे आणि घर गरम ठेवायचं काम हीटरला करावंच लागतं. घाटमाथ्यावर जमीन सुखद आहे. आणि कोकणात मे महिन्याच्या दुपारी थोडा दिलासा मिळेल, पण एसीसारखा गारवा जमिनीतून मिळणार नाही, कारण तो जमिनीत नाहीच.

सुट्टीच्या घराची खास अडचण

घर रोज वापरात असेल तर बफर कामाचा. पण सुट्टीचं घर आठवडेच्या आठवडे बंद असतं. तुम्ही शुक्रवारी रात्री पोचता आणि रविवारी दुपारी निघता.

साधा हिशेब करून बघू. शंभर चौरस मीटरचं घर, खाली आणि वर वीस सेंटिमीटर काँक्रीट. म्हणजे चाळीस घनमीटर काँक्रीट, जवळपास ९६ टन. हे सगळं १० अंशांनी गरम करायला साधारण २३५ युनिट वीज लागेल. दोन किलोवॅटचा हीटर लावला तर जवळजवळ पाच दिवस, आणि तेही जरासुद्धा उष्णता बाहेर गेली नाही असं धरून. घर गरम होईपर्यंत तुम्ही ऑफिसमध्ये परत. म्हणून थंड प्रदेशात असं घर करताना दोनच रस्ते उरतात. एक तर आतून इन्सुलेशन आणि लाकडासारखा हलका थर लावायचा, म्हणजे खोलीची हवा लवकर तापेल. नाहीतर घर कायम थोडं गरम ठेवायचं. दुसऱ्या रस्त्यात घरात माणूस नसतानाही मीटर फिरत राहतो.

आपल्याकडे थंडीपेक्षा ओल जास्त छळते. हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २३ च्या आसपास येतो. मातीला टेकलेली भिंत २२ अंशांवर असली तर ती आतून घामेजणार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर येतं तेच पाणी. आणि भिंत तेवढी गार नसली तरी बंद घरात ओली गोष्ट सुकत नाही. जूनमध्ये कुलूप लावलेलं घर ऑक्टोबरमध्ये उघडा. गाद्या, कपाटं, चामड्याच्या वस्तू, सगळ्यांवर बुरशी. साध्या कौलारू घराला फटींतून तरी वारा मिळतो. तीन बाजूंनी बुजवलेल्या घराला हवा मुद्दाम खेळवावी लागते, आणि त्यासाठी वीज लागते. पावसाळ्यात डोंगरातली वीज किती भरवशाची असते हे तुम्हाला माहीत आहे.

वजन आणि पाणी

गवताचं छत फोटोत हलकंफुलकं दिसतं. पावसानं भिजलेली माती घनमीटरला दोन टनांच्या जवळ जाते. तीस सेंटिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला ६०० किलो. नेहमीची वापरातली गच्ची माणसांच्या आणि सामानाच्या हिशेबानं १५० किलो धरून डिझाइन करतात. शंभर चौरस मीटरच्या छतावर ही माती ६० टन होते. गच्चीवर प्रवाशांनी भरलेल्या चार एसटी बस उभ्या करण्यासारखं. एवढं पेलायला जास्त सिमेंट आणि जास्त सळई लागते, म्हणजे 'इको' घराच्या पोटात नेहमीच्या घरापेक्षा जास्त काँक्रीट असू शकतं.

पाण्याचं गणित याहून कडक आहे. मातीत अडकलेलं पाणी दर मीटर खोलीला चौरस मीटरवर एक टन दाब देतं. तीन मीटर भिंतीमागचा निचरा तुंबला तर तळाशी तीन टन. म्हणून भिंतीमागे खडीचा थर, तळाशी भोकांचा पाइप, भिंतीवर वॉटरप्रूफिंगचा पडदा आणि पाण्याला उतारानं बाहेर पडायला मोकळी वाट, हे सगळं लागतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत गवत म्हणजे ॲपची स्क्रीन आणि हा निचरा म्हणजे सर्व्हर. स्क्रीन सगळ्यांना दिसते, पण सर्व्हर बसला की ॲप बंद. आणि इथे सर्व्हर दुरुस्त करायला आधी साठ टन माती उपसावी लागते.

आता आकडे शेजारी ठेवा. पेंब्रोकशायरच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बाराही महिने थोडाथोडा. महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या आसपास, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शंभर चौरस मीटरच्या छतावर हे साडेपाच लाख लिटर होतं, दहा हजार लिटरचे ५५ टँकर. हे फक्त छतावरचं. वरच्या उतारावरून झिरपत येणारं वेगळं. वेल्सचं डिझाइन कॉपी-पेस्ट केलं तर त्याला इथे पाचपट लोड झेलावा लागेल, तोही चार महिन्यांत.

आपल्याकडे हे कुणी केलंच नाही का?

केलंय की. मुंबईतल्याच कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून जास्त लेणी आहेत. बौद्ध भिक्खू पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी राहायचे, त्याला वर्षावास म्हणतात. डोंगराच्या पोटातली ही ऋतूपुरती राहायची जागा म्हणजे आपल्या विषयाचा सगळ्यात जुना नमुना म्हणता येईल. तिथं गेलात तर मूर्तींसोबत खडकात कोरलेले पाट आणि पाण्याच्या पोढी जरूर बघा. डोंगरावर पडणारं पाणी वळवून टाक्यांत साठवायची ती व्यवस्था आहे. पाणी अडवून कोरडं राहता येत नाही, पाण्याला वाट देऊनच राहता येतं, हे त्यांना कळलेलं होतं.

पण एक फरक विसरू नका. लेणी अखंड बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. तिथं खडकच भिंत, खडकच छत. घाटातला उतार बऱ्याच ठिकाणी असा नाही. वर झिजलेल्या खडकाची माती आणि मुरूम, खाली कठीण खडक. पावसात वरचा थर पाणी पिऊन जड होतो आणि त्याची पकड सुटते. अशा उताराचा पायथा घरासाठी कापणं म्हणजे वरच्या थराचा टेकू काढणं. पुणे जिल्ह्यातल्या माळीणमध्ये ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली. पावसात भिजलेला डोंगर काय करू शकतो, ते त्या दिवशी दिसलं. रीलमधला सुंदर उतार बघताना हे डोक्यात असायला हवं.

मग उतार नको, सपाट पठार चालेल का? तिथं दुसरी अडचण आहे. कासचं पठार काय किंवा कोकणातले सडे काय, जांभ्यावर माती जेमतेम बोटभर. वेल्समध्ये खणलेली माती परत छतावर टाकता येते. इथं खणाल तर हाती जांभाच लागेल, आणि छतावर टाकायची माती दुसरीकडून आणावी लागेल. म्हणजे कुणाचं तरी शेत किंवा टेकडी खरवडून. पठारावरची फुलं त्या पातळ थरावर आणि खडकातल्या खळग्यांवर जगतात. कास हे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, तीही २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. शिवाय जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. त्याच झऱ्यावर एप्रिलमध्ये खालच्या वाडीचे हंडे भरतात. तुमचं घर वरून अजिबात दिसत नसेल, पण त्यानं वळवलेलं पाणी खाली नक्की जाणवेल.

कायदा दिसणारं मोजतो की वापरलेलं?

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. माती पांघरलेलं घर 'देखावा बिघडतो' या तक्रारीला उत्तर देतं, आणि ते उत्तर चांगलं आहे. पण सुट्टीच्या घरांचा प्रश्न फक्त देखाव्याचा नाही. ज्या दोन देशांतली उदाहरणं आपण पाहिली, तिथले लोकही पुढे दुसऱ्याच प्रश्नाकडे वळले.

स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१२ मध्ये सार्वमत झालं. कुठल्याही गावात सुट्टीच्या घरांचं प्रमाण २० टक्क्यांपुढे जाऊ नये, हा प्रस्ताव ५०.६ टक्के मतांनी निसटता मंजूर झाला. त्याचा कायदा २०१६ पासून लागू आहे. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून स्थानिक कौन्सिलना दुसऱ्या घरावर नेहमीच्या कराच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. घर भाड्यानं देण्याचा व्यवसाय आहे असं दाखवायचं असेल, तर ते वर्षातले किमान १८२ दिवस खरोखर भाड्यानं गेलेलं असावं लागतं. दोन्हीकडे घर दिसतं की नाही हा प्रश्नच नाही. ते किती दिवस रिकामं आहे आणि त्यापायी गावातल्या माणसाला घर मिळतंय का, हा प्रश्न आहे.

आणि आपल्याकडे? वायनाडची दरड ३० जुलै २०२४ ला कोसळली. दुसऱ्याच दिवसाच्या तारखेनं केंद्राची पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना निघाली. सहा राज्यांतलं सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातलं १७,३४० महाराष्ट्रातलं. त्यात खाणी आणि मोठ्या बांधकामांवर बंदी सुचवलेली आहे. मोठं म्हणजे २०,००० चौरस मीटर किंवा जास्त. आपलं शंभर चौरस मीटरचं गवताचं घर या आकड्याच्या जवळपासही येत नाही. अशी दोनशे घरं एकाच डोंगरावर दोनशे मालकांनी वेगवेगळी बांधली तर बेरीज २०,००० होते, पण अर्ज दोनशे असतात. डोंगराला मात्र एकूण लोडच कळतो, रिक्वेस्ट किती अकाउंटवरून आली ते कळत नाही.

म्हणून 'घर दिसत नाही, सबब निसर्गाला त्रास नाही' हा युक्तिवाद मला आपल्याकडे धोक्याचा वाटतो. टोलेजंग रिसॉर्ट निदान डोळ्यांत खुपतं, लोक तक्रार करतात. गवताखाली गेलेलं काँक्रीट कुणाला खुपणारच नाही.

बुकिंग किंवा प्लॉटचा टोकन देण्याआधी

फोनवरच करता येण्यासारख्या चार गोष्टी सांगतो.

१. गूगल अर्थमध्ये त्या जागेची जुनी उपग्रह चित्रं बघा. घर होण्याआधी तिथं उतार सलग होता का, ओढा जात होता का, रस्त्यासाठी डोंगर कुठं कापलाय, हे दहा मिनिटांत कळतं.

२. प्लॉट असेल तर महाभूलेखवर सातबारा उघडा. तो बघायला पैसे लागत नाहीत. जमीन कुणाच्या नावावर आहे, इतर हक्कांत काय नोंद आहे, हे पीडीएफच्या पहिल्या पानाआधी वाचा.

३. मालकाला तीनच प्रश्न विचारा. छतावर किती माती आहे? भिंतीमागचं पाणी कुठून बाहेर पडतं? बंद असताना घरात हवा कशी खेळते? ज्यानं नीट बांधलंय तो उत्साहानं अर्धा तास बोलेल. ज्याला उत्तर माहीत नाही तो तुम्हाला सूर्यास्ताचा फोटो पाठवेल.

४. जमलं तर जुलैत एक चक्कर मारा. हिवाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात. आणि खालच्या वाडीत झऱ्याची चौकशी करा, पहिल्याइतकं पाणी येतं का म्हणून.

मला ही घरं आवडतात. मॅलेटरच्या छताची जुळणी मी आजही झूम करून बघतो. पण व्हिला व्हाल्समधून उचलावीशी वाटणारी गोष्ट तो लंबगोल खळगा नाही, ते जुनं कोठार आहे. आधीच उभ्या असलेल्या इमारतीला त्यांनी दार केलं. आपल्या घाटात आणि कोकणात कुलूप लावलेली कितीतरी जुनी घरं आहेत. चांगला जोता, जांभ्याच्या भिंती, पुढे आलेली पागोळी आणि शंभर पावसाळ्यांचा टेस्टिंग रिपोर्ट त्यांच्याकडे आधीपासून आहे. त्यातलं एखादं रीतसर घेऊन दुरुस्त केलं, वर्षाचे जास्तीत जास्त दिवस वापरात ठेवलं, तर सड्यावर एक कुदळही मारावी लागणार नाही. त्याची रील कदाचित कमी चालेल, पण खालच्या वाडीचा झरा चालू राहील.